साठ वड्या

सोहारमध्ये ऑगस्टात साबणालाही घाम येतो.
रात्रीतून एसी बंद पडला
की सहा आठवडे फ्रिजच्या डोक्यावर वाळलेली वडी
सकाळी कपाळावर थेंब घेऊन बसलेली असते,
गणिताच्या पेपरला बसलेल्या मुलीसारखी.
म्हणून प्लास्टिक नाही. कागद.

साठ हव्यात. गुरुवारी लग्न आहे
उम्म हिलालच्या धाकटीचं.
आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एक, ती म्हणाली,
आणि दहाही बोटं सहा वेळा
उघडून मिटून दाखवली.

खोबरेल, थोडं एरंडेल,
सलालाचा लोबान खलात कुटून,
वाळलेल्या काळ्या लिंबाची पूड.
कॉस्टिकनं एकदा मनगटावर
तांदळाएवढा डाग दिला,
तेव्हापासून मी त्याच्याशी अहो-जाहो करते.

लेबलं बदरियाच्या दुकानात छापली.
साबणाला तुमच्यात काय म्हणतात, विचारलं.
साबून, ती म्हणाली.
म्हणजे मी सिन्नरहून इथं
इथलाच शब्द घेऊन आले होते.
नावाशी मात्र अडलं.
पुतळा. आईचं नाव आहे, मी म्हटलं.
प नाही आमच्याकडे, आणि हे शेवटचं काय?
मी ळ म्हणून दाखवला,
तिनं जीभ वळवून पाहिली, दोघी हसलो.
अरबीत आता ती बुतला आहे.
आईला हे अजून सांगितलेलं नाही.

कागद आडवा. वडी मधोमध.
एक पदर वरून, मग डावा कान आत, उजवा कान आत,
खालची जीभ वर.
वरून दोरा, दोन वेढे.
हे मला कुणी शिकवलं नाही.
विसाव्या वडीला कळलं,
बोटं कुठं जाऊन आली होती ते.

सूप मांडीवर. ओल्या पोत्यातून
टेंभुर्णीचं पान काढायची, पत्र्याच्या मापानं कापायची,
चिमूट भरायची, वळायची, दोरा,
आणि नखानं बिडीचं तोंड मिटायची:
झोपलेल्या पोराचं मिटावं तसं नाही,
फार बोलणाऱ्याचं मिटावं तसं.
दिवसाला हजार.
संध्याकाळी कारखान्यात चेकर
जुडी सोडून छाट काढायचा,
ही सैल, ही वाकडी, ही फुटकी.
छाटीचे पैसे नसायचे, पान मात्र आपल्याच हिशोबातून जायचं.

रात्री ती हात धुवायची,
तांबड्या साबणानं, मग राखेनं,
लिंबू असलं तर लिंबानं,
आणि मला जवळ घेण्याआधी स्वतःच हुंगायची.
तरी तंबाखू यायचाच.
मला वाटायचं आयांना असाच वास असतो.
शेजारच्या काकूंना तो नव्हता,
म्हणून त्या मला अर्धवट वाटायच्या.

साबणाचं हे खूळ कुठून घेतलंस, उम्म हिलालनं विचारलं होतं.
दुपारी वेळ जात नाही, मी म्हटलं.

अठ्ठावन्न. एकोणसाठ.
शेवटच्या वडीचा कोपरा किंचित तुटला होता,
तो आतल्या बाजूला वळवला.
एकसष्टावी लेबल न लावता गुंडाळली.
स्मेल्टरमधले वाकचौरे सुट्टीवर निघाले होते,
त्यांच्या बॅगेत, खजुराच्या डब्याखाली, ती गेली.

आठ दिवसांनी फोन.
पोचली गं. वास बराय, मशिदीपुढून जाताना येतो तसला.
वापरलीस का?
छे, अजून सोडलीसुद्धा नाही.
मग थोडं थांबून, ओळखीच्या आवाजात:
दोरा सैल बांधलायस. चेकरनं छाटीत टाकली असती.
मी म्हटलं, आई, इथं चेकर नसतो.
ती म्हणाली,
मग तू कशाला आहेस?